मागे राहिलेलं मन

वृंदाची बांबूची तलवार ओकुमुरा सेन्सेईंच्या डोक्यावर बरोबर मधोमध बसली. असा आवाज झाला, की मागच्या स्वयंपाकघरातला आचारी दारात येऊन उभा राहिला. "मेन!" असं वाराच्या जागेचं जपानी नाव ओरडत ती सेन्सेईंच्या खांद्याजवळून पुढे निघून गेली, सहा-सात पावलांवर गर्रकन वळली आणि तलवारीचं टोक त्यांच्या गळ्याकडे रोखून उभी राहिली.

वार तर झाला होता. आमच्यातला दुसरा कुणी असता तर एव्हाना जाळीच्या मुखवट्याआड हसला असता, खांदे सैल सोडून बाकीच्यांकडे बघितलं असतं. ही हलेना. छाती वरखाली होत होती, पण नजर सेन्सेईंवरून सुटत नव्हती. ते अर्धं पाऊल डावीकडे सरकले, तर हिचं टोक तेवढंच सरकलं.

सेन्सेईंनी हात वर करून खेळ थांबवला. मुखवटा काढला, डोक्याला बांधलेल्या फडक्याने घाम टिपला आणि माझ्याकडे बघून जपानीत एक छोटंसं वाक्य म्हणाले.

झालं. वर्गातली चौदाच्या चौदा माणसं माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

"काय म्हणाले?" वृंदाने धापा टाकत विचारलं.

"म्हणाले, वार झाल्यावर तुझं मन मागे राहतं."

"मागे राहतं? म्हणजे?"

"म्हणजे रेंगाळतेस. झान्शिन म्हणतात त्याला. मारलं, की मोकळं व्हायचं."

तिचा चेहरा पडला. "असं होय," म्हणाली. सेन्सेई तिच्याकडे बघून प्रसन्न हसत होते आणि मान हलवत होते. तिला वाटलं, बिचारे चूकसुद्धा किती गोड बोलून दाखवतात. तिने कमरेत वाकून त्यांचे आभार मानले.

सेन्सेई खरं म्हणाले होते ते असं: "तुमच्या पत्नीचं झान्शिन फार चांगलं आहे."

झान्शिन हा शब्द दोन चित्राक्षरांचा. पहिल्याचा अर्थ उरणं, मागे राहणं. दुसऱ्याचा अर्थ मन. तेव्हा शब्दाचं भाषांतर मी अगदी चोख केलं होतं, कुठल्याही परीक्षकाने पैकीच्या पैकी गुण दिले असते. 'फार चांगलं आहे' एवढे तीन शब्द गाळले आणि आवाज जरा हळहळता लावला. मराठीत मन मागे राहिलं म्हटलं, की माणूस हातातल्या कामात नाही असाच अर्थ निघतो. पाळणाघरात मूल सोडून आलेल्या बाईचं मन मागे राहतं. बाकीचं काम मराठीने आपण होऊन केलं.

आता हे मी का केलं, ते सांगतो.

सेन्सेई, म्हणजे आमचे जपानी गुरुजी, चाकणच्या एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासायचे आणि मी तिथेच जपानीचा दुभाषी होतो. मराठी त्यांना येत नव्हतं आणि इंग्रजी 'गुड' आणि 'नो गुड' याच्या फारसं पुढे जात नव्हतं. त्यांनी पौड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात केंदोचा, म्हणजे जपानी तलवारबाजीचा वर्ग काढला, तेव्हा पहिला विद्यार्थी मी. मुहूर्त नसेल त्या रविवारी सकाळी सहा ते नऊ. शनिवारी लग्न झालेलं असलं, की अक्षता तळपायांना टोचायच्या आणि स्टेजवरच्या लाल खुर्च्यांवर आमची चिलखतं नवरानवरीसारखी बसवून ठेवलेली असायची.

सहा वर्षं सेन्सेईंचा शब्दन्‌शब्द माझ्या तोंडून बाहेर पडत होता. "गुडघा ताठ ठेवा" असं ते म्हणत, पण लोक "हो" म्हणायचे ते माझ्याकडे बघून. याची चटक लागते. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा मी कडेला उभा राहून जुन्याजाणत्यांना सुद्धा उपदेश करायचो आणि वर "मी नाही, सेन्सेई म्हणतायत" असं म्हणायला मोकळा. मात्र माझ्या स्वतःच्या तलवारीबद्दल सेन्सेई सहा वर्षं एकच वाक्य म्हणत आले होते: "रेगे-सान, उजवा खांदा." खांदा वर जायचा माझा. अजूनही जातो.

वृंदा दोन वर्षांपूर्वी यायला लागली. "रविवारी सकाळी घरात एकटी भिंती बघत बसू काय? बघते तरी काय चालतंय ते," म्हणाली. मूळची मिरजेची, पुण्यात एका रक्तपेढीत तंत्रज्ञ. खेळाशी संबंध शाळेतल्या खो-खोपुरता. मीच तिला तलवार कशी धरायची ते शिकवलं, मोठ्या हौसेनं. सहा महिन्यांनी सेन्सेई तिच्यासमोर मुखवटा घालून उभे राहायला लागले. वर्षाने ते माझ्यासमोर जितका वेळ उभे राहत, त्याच्या दुप्पट वेळ तिच्यासमोर. मी मनगटावरच्या घड्याळात बघायचो, म्हणून सांगतो. वर्गातली मंडळी आधी मला "रेगेसर, हे कसं करायचं?" विचारायची, ती आता म्हणायला लागली, "वृंदाताई, एकदा दाखवा ना."

बायको आपल्यापेक्षा चांगला स्वयंपाक करते हे नवरा चारचौघांत मिरवतो. ती आपल्यापेक्षा चांगली तलवार चालवते हे मिरवायला वेगळी छाती लागते. ती माझ्याकडे नव्हती. आणि त्यात मार्चमध्ये बेंगळुरूला परीक्षा होती. जपानहून तीन परीक्षक यायचे होते. पुण्यातून त्या वर्षी दोनच नावं गेली होती, माझं आणि तिचं, पहिल्या 'दान'साठी. केंदोतल्या पदवीला दान म्हणतात.

"आमच्या रक्तपेढीत रोज होतं की दान," वृंदा हसून म्हणाली होती. "बिस्कीट आणि कॉफी फुकट."

तिला ती थट्टा होती. मला त्या दानाच्या विचाराने झोप लागत नव्हती. दोघं पास झालो, तर लोक म्हणणार, याला सहा वर्षं लागली, हिला दोन. आणि ती एकटीच पास झाली तर? ते मी मनाला पुरतं विचारूच दिलं नाही.

अशा सगळ्यात त्या रविवारी सेन्सेईंच्या तोंडून झान्शिन हा शब्द निघाला. तोपर्यंत ते आम्हाला "वार केला की पुढे जा, वळा, तलवार समोर धरा" एवढंच शिकवत होते, आणि आम्ही कवायत करावी तसं ते करतही होतो, झालं की लगेच सैल पडत होतो. तो शब्द मी पुस्तकात वाचला होता: वार झाल्यावरही समोरच्यावरून मन काढायचं नाही, काढलं तर वार धरत नाहीत. सहा वर्षांत सेन्सेईंनी तो कुणासाठीही वापरला नव्हता. पहिल्यांदा वापरला तो माझ्या बायकोसाठी, आणि तो तिच्यापर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे.

दुसऱ्या रविवारी माझी चांगलीच पंचाईत झाली. वर्ग सुटल्यावर सेन्सेई आमच्यापाशी आले आणि मला म्हणाले, "तिला विचारा, हे ती कुठे शिकली? मी शिकवलेलं नाही. मी शिकवू शकत नाही."

"काय विचारतायत?" वृंदा म्हणाली.

"विचारतायत, तू काम काय करतेस."

"सांगितलं नाहीस अजून? दोन वर्षं झाली की!"

"तपशीलवार विचारतायत."

मग ती हातवारे करून सांगायला लागली, कारण समजावून सांगायची तिला हौस. रक्त घेतो, सुई काढतो, कापूस दाबून धरायला सांगतो. "आणि खरं काम पुढे असतं, सर. सुई टोचताना कुणी पडत नाही. काढल्यावर पडतात. पैलवान गडी असतो, हसत उठतो आणि दारात धाडकन कोसळतो. म्हणून सुई काढली तरी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. ओठ पांढरे पडतायत का, घाम येतोय का. दुसरा माणूस खुर्चीत येऊन बसला तरी पहिल्यावरची नजर काढायची नाही. आमच्या जुन्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी हाताला फटका मारून शिकवलंय मला."

हे मात्र मी सगळं नीट सांगितलं, एक शब्द गाळला नाही. काय आहे, की सेन्सेईंच्या प्रश्नाला ते नेमकं उत्तर होतं. प्रश्न न कळता तिने बरोबर उत्तर दिलं आणि उत्तर ऐकून सेन्सेईंचे डोळे भरून आले. ते तिच्यापुढे वाकले. एवढं खाली वाकलेलं मी त्यांना कारखान्याच्या मालकासमोरही पाहिलं नव्हतं.

"एवढं काय त्यात?" वृंदा संकोचून म्हणाली.

"जपानी लोकांना रक्तदानाचं फार कौतुक असतं," मी म्हणालो.

माझं पोट इतकं दुखलं, की घरी येऊन मी जेवलो नाही.

वृंदाने मात्र चूक मनावर घेतली होती. रक्तपेढीतून आली, की चहा टाकायच्या आधी गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधलेल्या जुन्या उशीवर वार करायची. वार केला, की लगेच वळून खांदे सोडायचे, मान फिरवायची, असं. तिला ते जड जात होतं. अंगातली खोड मोडायची म्हणजे काय सोपं असतं?

"बघ रे, आता राहिलं का मन मागे?"

"थोडं राहिलं."

"आता?"

"अजून थोडं."

"जमंना की मला," ती घाम पुसत म्हणायची. "मारल्यावर वाटतंच, की समोरचा काहीतरी करणार. बघावंसंच वाटतं."

"तेच तर मोडायचंय."

मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. एकदा तिच्या हाताला फोड आला, तो फुटला, मीच त्यावर हळद लावली. तेव्हा जिभेवर आलं होतं. पण लगेच मनात आलं, परीक्षा दोन महिन्यांवर आहे, एकदा ती होऊन जाऊ दे. मग सांगू, हसत हसत सांगू, अगं तेव्हा माझी काहीतरी गडबड झाली होती. असं मी स्वतःला समजावलं. चोर चोरी करताना 'नंतर परत ठेवू' असं म्हणत असतीलच.

फेब्रुवारीत सेन्सेईंच्या लक्षात आलं. वृंदाने त्यांच्या मनगटावर सुंदर वार केला आणि तलवार खाली सोडून सरळ पाठ फिरवली. सेन्सेई गोंधळले. "नो, नो गुड," म्हणाले. मग मला जपानीत म्हणाले, "तिला काय झालं? आधीसारखं करायला सांगा. अजून, अजून जास्त."

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, अजून जास्त," मी म्हणालो. "अजून लवकर मोकळी हो."

ती आणखी लवकर मोकळी व्हायला लागली.

आज त्याला चौदा वर्षं झाली. मी पुण्यातच असतो, ती मिरजेला. तेव्हाच्या गोष्टींतल्या पुष्कळशा मला आठवत नाहीत, पण बेंगळुरूच्या त्या हॉलची लाकडी जमीन आठवते. इतकी गुळगुळीत, की आमच्या मंगल कार्यालयातल्या फरशीला सरावलेले पाय तिथे लाजत होते. छातीवर नंबर लावले होते. माझा एकवीस, तिचा बावीस. तीन परीक्षक टेबलामागे बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. सेन्सेई मागे भिंतीशी गुडघे मोडून बसले होते.

माझा सामना आधी झाला. सांगण्यासारखं काही नाही. समोरचा मुंबईचा एक बँकवाला होता, तोही माझ्याइतकाच घाबरलेला. दोन वार बसले, एक निसटला, खांदा वर गेला असणारच. प्रत्येक वारानंतर पुढे गेलो, वळलो, तलवार समोर धरली. कवायत.

मग वृंदा उभी राहिली. समोर बेंगळुरूचीच एक उंच मुलगी होती, नंदिनी नावाची. दोघी बराच वेळ नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणी हललं नाही. आणि मग वृंदा निघाली. मी केंदोत इतक्या वर्षांत पुष्कळ वार पाहिले, जपानला जाऊन पाहिले. तसा परत पाहिला नाही. आवाज, पाऊल आणि तलवार तिन्ही एका क्षणात नंदिनीच्या डोक्यावर. मधल्या परीक्षकाचा हात टेबलावरच्या पेन्सिलीकडे गेला, तेही मी पाहिलं.

आणि वृंदाने वळून खांदे सोडले. तलवार खाली केली. मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवली, गॅलरीत करायची तशी, आणि नंदिनीकडे चक्क पाठ करून आपल्या जागेकडे चालायला लागली. मी तिला मोकळं व्हायला शिकवलं होतं, ती मोकळी झाली होती. पेन्सील टेबलावरच राहिली.

पुढच्या सामन्यातही तेच. तिचे वार माझ्यापेक्षा दसपट चांगले, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

दुपारी भिंतीवर कागद लागला. एकवीस होता. बावीस नव्हता.

"अरे, झालास तू!" वृंदाने माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. डोळ्यांत पाणी होतं, पण आनंदही खरा होता. "सहा वर्षं घासलीस. पेढे आणूया."

मी म्हणालो, "तुझंही पुढच्या वर्षी होईल."

सेन्सेईंना तिथूनच विमानतळ गाठायचा होता. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर ते जपानला निघाले होते. माझं अभिनंदन करून ते घाईघाईने गेले, जाताना दोनदा वळून वृंदाकडे बघितलं. मी लोकांबरोबर फोटो काढत होतो. वृंदा कोपऱ्यात नंदिनीशी काहीतरी बोलत होती. मला तेवढं दिसलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. हुबळी गेल्यावर म्हणाली, "सेन्सेई मला त्या दिवशी नक्की काय म्हणाले होते रे?"

"कधी?"

"ते नाही का, झान्शिन."

"सांगितलं ना. मन मागे राहतं म्हणाले."

"तेवढंच?"

"तेवढंच."

"बरं," म्हणाली आणि पिशवीतून चिवड्याचा डबा काढून माझ्यापुढे धरला.

पुढचे तीन आठवडे वृंदा फार चांगली वागली. रागावली नाही, रुसली नाही. पेढे तिनेच वाटले, रक्तपेढीतही नेले, "माझ्या नवऱ्याला दान मिळालं" म्हणून हसवून आली. फक्त एक गोष्ट बदलली. ती माझ्याकडे बघत राहायची. मी काही बोललो, की बोलणं संपल्यावरही. पेपर वाचताना मान वर करावी, तर समोर ती, हातात मटारची शेंग आणि नजर माझ्यावर.

"काय गं?"

"काही नाही. वाच की."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात तेही पडलं नाही. मला वाटलं, हिच्या पोटात दुखायला लागलंय. एवढे दिवस मी जळत होतो, आता ही जळतेय. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी शीळ वाजवत दाढी करायचो.

एका संध्याकाळी तिने विजेच्या बिलाची पाठकोरी बाजू आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. "झान्शिन कसं लिहितात ते दाखव."

मी दोन्ही अक्षरं काढली.

"याचा अर्थ?"

"उरणं."

"आणि हे मन. म्हणजे मागे राहिलेलं मन."

"बरोबर."

"आणि ते वाईट."

मी पेनाचं टोपण लावलं. "केंदोत वाईट," म्हणालो.

तिने माझ्याकडे तसंच बघितलं. कितीतरी वेळ. मग कागदाची घडी केली आणि उठली.

सेन्सेई आले त्या रविवारी मुहूर्त नव्हता. माझ्यासाठी त्यांनी निळं, नक्षीचं डोक्याला बांधायचं फडकं आणलं होतं, ते सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी दिलं. मी ते तसंच दोन्ही हातांनी घेतलं आणि डोक्याला बांधलं. मग त्यांनी मुखवटा घातला आणि वृंदाला बोलावलं.

तिने फार वेळ लावला नाही. तिसऱ्याच झडपेला डोक्यावर वार बसला, "मेन!" म्हणत ती पुढे गेली, वळली. आणि उभी राहिली. पूर्वीसारखी. टोक त्यांच्या गळ्याकडे, नजर त्यांच्यावर, खांद्यात ढिलेपणा नाही. सेन्सेई डावीकडे सरकले, टोक सरकलं. मागे सरले, ती तेवढीच पुढे आली.



सेन्सेईंनी मुखवटा काढला. या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सरळ तिलाच, आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. "झान्शिन! व्हेरी गुड. व्हाय... बँगलोर, नो?"

वृंदाने आपला मुखवटा सावकाश काढला. "सेन्सेई, आय वॉज टोल्ड, झान्शिन इज बॅड," म्हणाली.

"बॅड?"

"येस. नो गुड."

कुणी सांगितलं, हे तिने म्हटलं नाही. माझ्याकडे बोटही केलं नाही. सेन्सेई 'नो गुड' हे शब्द स्वतःशी एकदा पुटपुटले. मग वर्गात तिला काही सांगू शकणारी माणसं किती, याचा हिशेब त्यांनी केला असावा. तो फार अवघड नव्हता. ते माझ्याकडे वळले आणि जपानीत बोलले. आवाज चढवला नाही. चार-पाच वाक्यं बोलले, आणि मग पाणी प्यायला निघून गेले.

मंडळी नेहमीप्रमाणे माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हातानेच त्यांना सराव सुरू करायला सांगितलं. जोड्या लागल्या, आरडाओरडा सुरू झाला. वृंदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय म्हणाले?"

"नंतर सांगतो."

"आत्ता सांग. आणि नीट सांग."

डोक्याचं फडकं मला काचायला लागलं होतं. मी ते सोडून हातात घेतलं. सहा वर्षं मी दुसऱ्याची वाक्यं बोलत आलो होतो, कधी अडखळलो नव्हतो.

"म्हणाले, रेगे-सान, तुम्ही वार केलात. वार करणं मी समजू शकतो, माणूस मत्सरी असतो, मीही आहे. पण वार केल्यावर तुम्ही तिच्याकडे एकदाही वळून बघितलं नाहीत, तिचं काय झालं, ती उभी आहे का पडली."

"आणि?"

"म्हणाले, तुमच्यात झान्शिन नाही. आणि ते मी तुम्हाला शिकवू शकत नाही."

एक शब्द गाळला नव्हता. तेवढ्याचंच मला काहीतरी वाटलं, मूर्खासारखं, आणि मी तिच्याकडे आशेने बघितलं. म्हणालो, "वृंदा, मी तुला सांगणारच होतो."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"बेंगळुरूला कळलं. नंदिनी येऊन म्हणाली, परीक्षक म्हणतायत तुझ्यात झान्शिन अजिबात नव्हतं. मला एवढा आनंद झाला, श्रीरंग. म्हटलं, गेलं एकदाचं! मी तिला थँक यू म्हणाले." तिचा आवाज क्षणभर हलला. "ती हसायला लागली. तिला वाटलं, मी थट्टा करायलेय. मग तिने मला अर्थ सांगितला."

"मग तू बोलली का नाहीस? तीन आठवडे?"

"बघत होते. सांगतोस का ते. गाडीत बघितलं, घरी बघितलं, त्या बिलावर अक्षरं काढलीस तेव्हा बघितलं. रोज वाटायचं, आज पडेल, आज धरावं लागेल ह्याला. माझी तीच सवय."

मी तिच्या हाताला हात लावायला गेलो, पण दोघांच्याही हातांत जाड मोजे होते.

"आता?" मी कसंबसं विचारलं.

"आता नाही बघायची."

आमच्याकडे सराव संपला, की समोरच्यावर नजर ठेवून मागे सरकत सरकत पाच पावलं जायचं, तिथून वाकून नमस्कार करायचा आणि मगच वळायचं, अशी रीत आहे. समोरचा कितीही नवखा असो, त्याच्याकडे आधी पाठ करायची नाही. वृंदाला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी सवयीने तलवार समोर धरून वाट बघत उभा राहिलो. ती वळली आणि माझ्याकडे सरळ पाठ करून चालत गेली.